टेबल फ्रेंच, तबकड्या इंग्लिश: जुने साइड टेबल कसे पारखावे

निमुळत्या पायांचे छोटे टेबल, सोनेरी चौकटी आणि चौकटींत निळ्या तबकड्यांवर पांढऱ्या ग्रीक आकृत्या. तबकड्या जॅस्परवेअरच्या, म्हणजे इंग्लंडच्या मातीकाम कारखानदार जोसाया वेजवुडने १७७० च्या दशकात घडवलेल्या भाजलेल्या मातीच्या प्रकाराच्या. पॅरिसचा व्यापारी दोमिनिक दाग्येर अशा तबकड्या आदाम वाइसवाइलरसारख्या कारागिरांच्या फर्निचरमध्ये बसवून घेई. १७८६ च्या इंग्लंड-फ्रान्स व्यापार करारानंतर इंग्लिश मालावरची फ्रेंच जकात उतरली आणि हा व्यवहार सोपा झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या काळातली ही धाटणी परत आली आणि तशी टेबले पुन्हा बनू लागली. खरी अडचण तिथे आहे.

विकणारा तबकडी दाखवतो. तुम्ही आधी लाकूड बघा. संगमरवरी फळी उतरवायला सांगा (स्वतः उचलू नका, मधेच तडकते) आणि तिच्या खालच्या लाकडी चौकटीवर टॉर्च तिरपा धरा. कारागिराचे नाव लाकडात ठोकलेले असते, शेजारी कधी कारागीर-संघाची ‘जेएमई’ (JME) ही अक्षरे. संघ १७९१ मध्ये बंद झाला, म्हणजे ही अक्षरे त्याआधीची. शिक्का नसला म्हणून टेबल खोटे ठरत नाही, आणि शिक्का खोटाही ठोकता येतो.

आता भिंगातून तबकडी. जॅस्परला झिलई नसते, पृष्ठभाग मऊसर मंद दिसतो. पांढरी आकृती वेगळ्या साच्यात काढून वर चिकटवलेली असते, म्हणून तिची कड स्वच्छ हवी. कड विरघळल्यासारखी असेल, पांढरा रंग निळ्यावर ओघळला असेल, तर ती प्लास्टरची नक्कल समजा. कुठे टवका उडाला असेल तर आत निळे दिसते किंवा पांढरे. वेजवुडने दोन्ही पद्धतींनी (सगळी माती निळी, किंवा फक्त वरचा थर निळा) काम केले, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नका. फ्रान्सच्या सेव्र कारखान्यानेही असाच निळा-पांढरा माल काढला होता, म्हणजे तबकडी अस्सल जुनी असूनही इंग्लिश नसेल.

वेजवुडचे ठसवलेले नाव मागच्या बाजूला, म्हणजे नेमके न दिसणारे. ते बघायला तबकडी उचकटू नका! पूर्वी कधी दुरुस्तीत ती काढली असेल तर तेव्हाचे फोटो मागा. नावासोबत ‘इंग्लंड’ असेल तर माल साधारण १८९१ नंतरचा. ‘वेजवुड’च्या (Wedgwood) मधे एक जादा ‘ई’ (Wedgewood) असेल तर कारखानाच दुसरा.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो सांध्याला. अस्सल टेबल आणि अस्सल तबकडी यांची गाठ शंभर वर्षांनंतरही कोणीतरी घालून दिलेली असू शकते. चौकटीभोवती बुजवलेली जुनी भोके आहेत का? तबकडी खाचेत सैल बसते का? आकृतीचे पाऊल काठाशी कापल्यासारखे दिसते का? यातले एक जरी आढळले तरी भाव पाडून मागा.

घरी आणल्यावर तबकड्यांवर मऊ कोरडा ब्रश फिरवा, एवढेच. चौकटींना मात्र पितांबरी लावू नका. ते नुसते पितळ नाही, पाऱ्याच्या साहाय्याने चढवलेला सोन्याचा मुलामा आहे, आणि एकदा घासून गेला की गेला.