‘काय होऊचा नाय, ताई’ म्हटल्यावर

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पहिल्यांदा स्कूबा केलं, म्हणजे हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली उतरले, तेव्हा मला सर्दी होती. होडीत गाईड दादाला म्हटलं, "नाक थोडं चोंदलंय." तो म्हणाला, "काय होऊचा नाय, ताई." मागे सहा जण खोळंबलेले, नवरा मोबाइल रोखून बसलेला. उतरले. तीन मीटरवर डाव्या कानात कुणीतरी दाभण खुपसल्यासारखं झालं, आणि पुढचे पंधरा दिवस त्या कानाला सगळं घागरीतून बोलल्यासारखं ऐकू येत होतं. दादा चुकलाच. पण ‘थोडं चोंदलंय’ म्हणताना मीही त्याच्या तोंडून ‘चालेल’ ऐकायचीच वाट बघत होते.

नंतर अंदमानात ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिल्या पायरीचा, कोर्स केला, बऱ्याच डाइव्ह (बुड्या) झाल्या. कान अजून शाबूत आहेत. भीड मात्र हळूहळू गेली.

बोलायचं काम पैसे भरण्याआधी सुरू होतं. आपली जीभ भीतीपेक्षा भरलेल्या पैशांनी जास्त अडखळते. म्हणून बुकिंग करतानाच विचारायचं: "ऐनवेळी उतरले नाही तर किती परत?" उत्तर काहीही असो, आकडा आधी कळला की होडीत हिशेब करत बसावं लागत नाही. तब्येतीच्या फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ची खूण ठोकू नका. दमा, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन, आदल्या रात्रीची पार्टी, सगळं सांगा. निघण्यापूर्वी नाक चिमटीत धरून अगदी हलकेच फुंकून बघा. दोन्ही कान जमिनीवर मोकळे होत नसतील तर पाण्यात मुळीच होणार नाहीत. मग वाक्य असं: "माझा कान मोकळा होत नाहीये. आज मी उतरत नाही." त्यात ‘थोडं’ नको आणि शेवटी ‘ना?’ही नको.

होडीत सिलिंडर जोडून झाला की रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात आणणारी नळी) तोंडात धरून चार-पाच मोठे श्वास घ्या आणि डोळे प्रेशरच्या काट्यावर ठेवा. भरलेला सिलिंडर साधारण 200 बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) दाखवतो आणि काटा स्थिर राहतो. गोव्यात एकदा माझा काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकून परत वर येत होता. म्हणजे झडप पुरती उघडलेली नव्हती. गाईड माझ्या भाच्याच्या वयाचा, समोर आणखी गिऱ्हाइकं. मी म्हटलं, "माझा काटा नाचतोय, जरा बघतोस?" त्याने चूपचाप झडप फिरवली, मीही विषय वाढवला नाही. ‘तू उघडली नाहीस’ म्हटलं असतं तर तो झडप सोडून माझ्याशी वाद घालत बसला असता.

तिथेच आणखी विचारून घ्या: किती खोल जायचंय, एका गाईडमागे किती जण, किती बारवर परत फिरायचं, होडीत ऑक्सिजन कुठे ठेवलाय. शेवटच्याला "लागत नाही हो कधी" असं हसून उत्तर आलं तर मी म्हणते, "नसेना का लागत, डबा दाखव." डबा नसेल तर मी उतरत नाही.

खोलीबद्दल दबाव येतोच. ओपन वॉटरवाल्याने 18 मीटरपर्यंतच जायचं असतं. "25 वर कासव दिसतं" असं सांगणारा भेटला तेव्हा मी विचारलं, "मी 18 वर थांबले आणि तू खाली गेलास, तर माझ्याजवळ कोण?" मग कासव राहिलं.

पाण्यात तोंड बंद, हात चालू. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर जायचंय’. (फोटोसाठी अंगठे दाखवणारी मंडळी गाईडांचा जीव खालीवर करतात.) काही बिघडलं तर तळवा आडवा धरून डुलवा, मग दुखतंय तिकडे बोट दाखवा. गाईड अंगठा-तर्जनीचं कडं करून विचारतो, आणि शाळेत ‘समजलं का?’ला ‘हो बाई’ म्हणावं तसं आपलंही कडं आपोआप वर जातं. ठीक नसेल तर हात डुलवायचाच. अंगठा दाखवला की डाइव्ह संपली, कारण सांगायची गरज नाही. फक्त घाबरून एकट्याने वर सुटू नका आणि श्वास कोंडू नका, फुप्फुसाला इजा होते. श्वास चालू ठेवत, गाईडसोबत, सावकाश वर या.

वर आल्यावर, अगदी रात्रीसुद्धा, सांधे दुखले, मुंग्या आल्या किंवा चक्कर आली तर दमणूक समजून झोपू नका. लगेच फोन करा, ऑक्सिजन आणि डॉक्टर मागा. परतीचं विमानही शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तासांनी ठेवा.

गेल्या जानेवारीत पुन्हा मालवण, पुन्हा सर्दी. ठरलेलं वाक्य म्हटलं. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "बरा केलात," आणि ठरल्याप्रमाणे अर्धे पैसे परत दिले. मग नवरा खाली मासे बघत होता तेवढा वेळ दादाने मला रिकामे सिलिंडर मोजायला बसवलं.