पानाचा जीवाश्म: आधी ओळख, मग कोरडा ब्रश

खडक फुटल्यावर आत नेच्यासारखी काळी नक्षी दिसली, तर आधी भिंगातून मधली शीर शोधा. मँगनीज ऑक्साइड या खनिजाची नक्षी हुबेहूब नेच्यासारखी भासते, पण ती भेगेच्या कडेपासून वेडीवाकडी फुटत जाते. तिला ना मधली शीर असते, ना ठरावीक कडा. खऱ्या पानात शिरांची मांडणी नियमित असते. उजेड बाजूने, तिरपा पाडला की ती उठून दिसते.

पान खरे असेल तर पाणी लावू नका. मातीचा थरदार खडक पाणी पिऊन फुगतो आणि वाळताना पापुद्रे सुटतात. पानाचा कार्बनचा नाजूक थरही त्यांच्याबरोबर जातो. व्हिनेगर तर नकोच, कारण खडकात चुना असेल तर पानाखालचा आधारच विरघळतो. (अश्मीभूत लाकूड घट्ट, सिलिकाचे असेल तर ते पाण्याने खुशाल धुवा.)

मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका. चिकटलेला खडक सुईने कणाकणाने उडवा. सुईचे टोक नेहमी पानापासून दूर रोखलेले हवे, पानावर ओरखडा नको. पापुद्रा सुटत असेल तर १०० मिली अ‍ॅसिटोनमध्ये ५ ग्रॅम पॅरालॉइड बी-७२ (सुटे थर घट्ट धरणारी अ‍ॅक्रिलिक राळ) विरघळवून ब्रशच्या टोकाने थेंब थेंब सोडा. खोलीत हवा खेळती ठेवा, जवळ ज्योत नको. दाट द्रावण आत मुरत नाही, वर चकाकी धरते.

खडकाचे दोन्ही अर्धे जपा. बऱ्याचदा अर्ध्या शिरा दुसऱ्या तुकड्यावर असतात. दोघांवर एकच क्रमांक घाला आणि ठिकाण, थर, तारीख त्याच दिवशी लिहा.