विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणाची आकाशातील वीज आणि स्थिर विद्युत यांसाठी चाचणी कशी करावी

मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक्सवर हात बसलेल्या पुण्यातील अभियंत्याला विमानाच्या उपकरणाकडे वळताना सर्वप्रथम डीओ-१६०जी हे विमानातील उपकरणांच्या चाचण्यांचे मानक वाचावे लागते. त्यातील २२ वे प्रकरण विजेमुळे तारांमध्ये निर्माण होणाऱ्या क्षणिक लाटांचे आणि २५ वे प्रकरण स्थिर विद्युत विसर्गाचे आहे. वीज थेट पडल्याचे परिणाम २३ व्या प्रकरणात येतात. ते येथे घेतलेले नाहीत.

जनरेटर (चाचणीची लाट निर्माण करणारे यंत्र) सुरू करण्यापूर्वी चाचणीचा आराखडा लिहावा. उपकरण विमानात कोठे बसणार, तारा कोणत्या भागातून जाणार आणि विमानाचा सांगाडा धातूचा आहे की कार्बन तंतूंचा, यांवरून तरंगरूप (लाटेचा आकार) आणि १ ते ५ यांपैकी तीव्रतेची पातळी ठरते. 'नापास' कशाला म्हणायचे, हेही तेव्हाच ठरवावे. पडदा क्षणभर लुकलुकला तर चालेल का, हा वाद प्रयोगशाळेचे भाडे चालू असताना घालण्यासारखा नाही.

पिन-इंजेक्शनमध्ये लाट थेट कनेक्टरच्या पिनवर सोडून आतील भाग जळतो का, ते पाहतात. त्याआधी जनरेटरचे खुल्या टोकांवरील व्होल्टेज आणि शॉर्ट केलेल्या टोकांमधील प्रवाह ऑसिलोस्कोपवर पडताळावेत. चौथ्या तरंगरूपाच्या तिसऱ्या पातळीला ते ३०० व्होल्ट आणि ६० अँपिअर असतात. दोन्ही ध्रुवतांचे (धन आणि ऋण) प्रत्येकी १० झटके द्यावेत.

केबल-बंडल चाचणीत मात्र लाट तारांच्या जुडग्यात निर्माण केली जाते, उपकरण चालू असते आणि प्रश्न जळण्याचा नसून काम बिघडण्याचा असतो. खरी वीज एकाच झटक्यात थांबत नाही, म्हणून पहिल्या झटक्यामागोमाग १३ झटके दीड सेकंदाच्या आत दिले जातात. येथे जोडणीत सर्वाधिक काळजी घ्यावी: तारांचे शील्डिंग (तारांवरील धातूचे आवरण), त्याची टोके आणि अर्थिंग विमानात असेल तसेच ठेवावे. विमानात नसलेली जादा अर्थिंग-पट्टी टेबलावर लावली, तर उपकरण पास होते खरे, पण ते श्रेय त्या पट्टीचे असते.

स्थिर विद्युतीसाठी १५० पिकोफॅरड आणि ३३० ओहमची गन (स्थिर विद्युतीचा झटका देणारे हातातले यंत्र) १५ किलोव्होल्टवर ठेवून माणसाचा हात लागेल अशा प्रत्येक जागी हवेतून विसर्ग करावा, दोन्ही ध्रुवतांचे प्रत्येकी १०. कनेक्टरच्या पिना यातून वगळलेल्या आहेत. पुण्यातील एप्रिलची कोरडी दुपार आणि जुलैची दमट हवा यांत हा विसर्ग सारखा होत नाही, म्हणून खोलीतील आर्द्रता अहवालात नोंदवावीच.

शेवटी संपूर्ण कार्यचाचणी पुन्हा घ्यावी आणि पिनांमधील गळतीप्रवाह आधीच्या नोंदींशी ताडून पाहावा, कारण अर्धवट दुखावलेला डायोड त्या दिवशी चालतो आणि पुढे कधीतरी बंद पडतो.