गूढ शब्दकोडं सोडवायचं तर आधी क्लू कापा

इंग्रजी दैनिकातल्या गूढ शब्दकोड्यासाठी (क्रिप्टिक क्रॉसवर्डसाठी) ‘शब्दसंग्रह वाढवा, डिक्शनरी पाठ करा’ असा सल्ला सर्रास मिळतो. त्याचा काही उपयोग नाही. उत्तर बहुतेक वेळा आपल्याला येत असलेलाच शब्द असतो. तो सापडत नाही, कारण आपण क्लू वाक्यासारखा वाचतो.

पेन्सिल घ्या. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयातला अंक असेल तर क्लू वहीत उतरवा. पहिल्या आडव्या शब्दाचा हट्ट नको, सुटेल तो आधी.

आता अवघड भाग. जवळजवळ प्रत्येक क्लूमध्ये दोन तुकडे असतात: उत्तराचा सरळ अर्थ आणि तेच उत्तर घडवायची कृती. अर्थ एका टोकाला असतो, मधे नाही. हे दोन तुकडे कुठे जोडलेत, हे ओळखायलाच मला सर्वांत जास्त वेळ लागला. मराठीत रचून दाखवतो. कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं, ती मात्रेसकट मोजा:

पांघरूण, चारच्या आत दळणाला सुरुवात (३)

वाचताच पहाट दिसते, जात्याची घरघर ऐकू येते. ते सगळं पुसून टाका. ‘चार’ ही वेळ नाही, ‘चा’ आणि ‘र’ ही दोन अक्षरं आहेत. दळणाची सुरुवात म्हणजे ‘द’. सिद्धेश्वराचं देऊळ तळ्याच्या मधोमध आहे, तसा हा ‘द’ चारच्या आत बसवा: चादर. आणि पांघरूण हा तिचा अर्थ. स्वल्पविराम इथे नेमका जोडावर आलाय, पण एरवी विरामचिन्हांवर विसंबू नका.

कलम मोडून लावलं तळ्यात फुललं (३)

इथे खूण कुठलीच नाही. अशा वेळी आधी पहिला शब्द अर्थ म्हणून धरा, जमलं नाही तर शेवटचे दोन. ‘मोडून लावलं’ म्हणजे अक्षरांची जागा बदला: कमल.

उत्तर कितीही चपखल वाटो, क्लूमधला एकही शब्द बिनकामाचा उरला तर ते लिहू नका. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९३९ पासून ‘झिमेनीज’ या टोपणनावाने कोडी रचणारे डेरिक मॅकनट याच शिस्तीसाठी ओळखले जातात. सगळेच रचनाकार ती तंतोतंत पाळत नाहीत. सोडवणाऱ्याने मात्र पाळावी. अंदाजाने भरलेला एक शब्द चार उभे शब्द नासवतो.

बाकीचं सोपं आहे. ‘उलट’, ‘परत’ दिसलं की शब्द मागून वाचा: नदीची दीन होते. ‘ऐकलं’ असेल तर उच्चार धरा. मराठी, कन्नड, तेलुगू एका दमात ऐकणाऱ्या सोलापूरकराच्या कानाला हे जड नाही. ‘अखेर’ असेल तर शेपूट बघा, सोलापूरच्या अखेरीस पूर आहेच.

उत्तर सांगणारी अॅप्स उघडू नका. अडलेलं कोडं तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी उत्तरं छापून आली की न सुटलेल्या प्रत्येक क्लूशेजारी उत्तर लिहा, जोडावर रेघ मारा आणि कुठल्या शब्दाने काय काम केलं ते वहीत नोंदवा. मगच नवं कोडं हातात घ्या.