माइकविना म्यूट: बिग बँडच्या ट्रम्पेट सेक्शनमध्ये नव्याने बसणाऱ्यांसाठी

बिग बँडच्या, म्हणजे मोठ्या जाझ वाद्यवृंदाच्या, ट्रम्पेट सेक्शनमध्ये नव्याने बसणाऱ्या वादकाची वाचनाची आणि लयीची तयारी बहुधा चांगली असते. म्यूटकडे, म्हणजे आवाज बदलण्यासाठी ट्रम्पेटच्या तोंडाशी लावायच्या साधनाकडे, मात्र तो पार्टमध्ये (आपल्या स्वरलिपीच्या कागदात) सूचना आली की लावायची आणि ‘ओपन’ (म्यूटविना) दिसले की काढायची वस्तू म्हणून पाहतो. समोर माइक असेल तर तेवढ्यावर निभावते. माइक नसेल तर मात्र पाच सॅक्सोफोन, चार ट्रॉम्बोन आणि ड्रम यांच्यामधून म्यूट लावलेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा असतो, आणि ते काम फार थोडे जण नीट शिकवतात.

सगळ्यात आधी ज्या सापळ्यात मी बराच काळ अडकून होतो त्याविषयी सांगतो, कारण तो बाहेरून दिसत नाही. म्यूट लावला की वाद्य फुंकेला विरोध करते. स्ट्रेट या शंकूसारख्या साध्या म्यूटला कॉर्कच्या तीन पट्ट्या असतात आणि हवा त्यांच्यामधल्या फटींतून निघून जाते. हार्मन या धातूच्या म्यूटला मात्र कॉर्कचे पूर्ण कडे असते, त्यामुळे सगळी हवा म्यूटच्या पोटातूनच बाहेर पडते. हा विरोध ओठांना, गालांना आणि छातीला जाणवतो आणि आपण त्यालाच आवाजाचा जोर समजतो. कानाशी भणभणणारा धातूचा झंकार या समजुतीला दुजोरा देतो. प्रत्यक्षात सभागृहात त्यातले फार थोडे पोचलेले असते. मग कोणीतरी ऐकू येत नाही असे सांगतो, वादक आणखी रेटून फुंकतो, सूर चढतो, आवाज पातळ होतो आणि दोन गाण्यांत ओठ संपतात. ‘अजून जोरात फुंक’ हा सल्ला देणारे गुरू पुष्कळ भेटतील. त्यांच्याविषयी आदर ठेवावा, पण हा सल्ला ऐकू नये.

उपाय फुंकेत नसून बेलच्या, म्हणजे ट्रम्पेटच्या पसरट तोंडाच्या, दिशेत आहे. ट्रम्पेटच्या आवाजातला तेजस्वी भाग मुळातच बेलच्या रोखाने जातो, आणि स्ट्रेट किंवा हार्मन लावल्यावर तर जवळजवळ तेवढाच भाग उरतो. तो म्युझिक स्टँडवर आदळला तर श्रोत्याच्या वाट्याला काहीच येत नाही. स्टँड खाली घ्यावा, जवळजवळ आडवा करावा आणि बेल त्याच्या वरच्या कडेवरून सरळ बाहेर काढावी. वाचण्यासाठी मान खाली गेली की बेलही खाली जाते, म्हणून म्यूटचे उतारे शक्यतो पाठ करावेत. तालमीत एका सहकाऱ्याला शेवटच्या रांगेत उभे करून त्याच्याकडून ऐकून घ्यावे. आपल्या खुर्चीवरून केलेला कोणताही अंदाज खरा मानू नये, मोबाइलवरचे रेकॉर्डिंगही नाही, कारण तो बहुतेकदा स्टँडवरच ठेवलेला असतो.

आता हार्मनविषयी स्पष्टच सांगतो. मधली नळी काढलेल्या हार्मनचा जो आवाज आपल्या डोक्यात बसलेला असतो, तो 1950च्या दशकात जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने रूढ केला, आणि तो बेल माइकच्या अगदी जवळ धरून घडवलेला आवाज आहे. माइकविना संपूर्ण बँडवर तोच परिणाम मागणे म्हणजे अशक्य गोष्ट मागणे होय. अशा वेळी दोनच मार्ग उरतात: मागची साथ फक्त ऱ्हिदम सेक्शनपुरती (पियानो, बास, ड्रम) ठेवायची, किंवा एकल वादकाने उठून पुढे यायचे. यांपैकी काहीच जमत नसेल तर कप (पुढे वाटी असलेला म्यूट) लावून वाजवण्याची परवानगी बँडप्रमुखाकडे मागण्यात कमीपणा नाही.

याउलट प्लंजरची, म्हणजे हाताने बेलसमोर उघडझाप करायच्या रबरी वाटीची, भीती बाळगू नये. ड्यूक एलिंग्टनच्या जाझ बँडमध्ये ट्रम्पेटवादक बबर मायलीने आणि 1929 मध्ये त्याच्या जागी आलेल्या कूटी विल्यम्सने प्लंजरला अक्षरशः बोलते केले. रबरी वाटी उघडली की आवाज मोकळा सुटतो, त्यामुळे तो सहज पोचतो. पूर्ण झाकलेले सूर मात्र गिळले जातात. वाटी आणि बेलची कड यांच्यात बोटभर फट ठेवली की तेही ऐकू येतात.

कप आणि बकेट (आवाज मऊ करणारा डब्यासारखा म्यूट) यांच्या बाबतीत एकट्याने काही साधत नाही. सेक्शनमधल्या चौघांनी एकाच जातीचे म्यूट वापरावेत; एकाचा धातूचा आणि तिघांचे फायबरचे असले तर तो एकच ऐकू येतो. कपची वाटी बेलपासून किती दूर आहे यावर आवाज आणि सूर दोन्ही बदलतात, म्हणून हे अंतर लीड ट्रम्पेटशी (सेक्शनच्या प्रमुख वादकाशी) जुळवून घ्यावे. पार्टमधली ‘मध्यम हळू’ ही खूण म्यूट असताना एक पायरी वर समजावी, आणि सॅक्सोफोनवाल्यांनी एक पायरी खाली यावे. ते येत नसतील तर तक्रार बँडप्रमुखाकडे करावी, ओठांकडून भरपाई करू नये. महागडे म्यूट जमवण्याचा छंद मला पटत नाही: एक स्ट्रेट, एक कप, एक हार्मन आणि एक प्लंजर एवढ्यावर बहुतेक पार्ट वाजतात.

सुराचे म्हणाल तर स्ट्रेटने तो थोडा चढतो आणि हार्मनने चांगलाच चढतो. उतारा मोठा असेल तर ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) बाहेर ओढावी आणि ओपनच्या आधी ‘स्लाइड आत’ असे पेन्सिलने ठळक लिहून ठेवावे. ती बाहेरच राहिली तर पुढचा ओपन सूर हमखास उतरतो. लहान उताऱ्यात तेवढा वेळ नसतो, तिथे तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड आणि ओठ यांवर काम भागवावे. हे सुरुवातीला जड जाते, पण ट्यूनरसमोर तेच चार सूर आधी ओपन आणि लगेच म्यूट लावून रोज वाजवले की ओठ आपोआप जागा शोधतात.

शेवटी म्यूट बदलण्याची घाई. कॉर्कवर तोंडाची गरम वाफ सोडावी, म्यूट आत बसवताना किंचित पिळावा, मग तो पडत नाही. पुढचा म्यूट खुर्चीखाली न ठेवता स्टँडवरच्या कड्यात किंवा मांडीवर ठेवावा, कारण धातूचा म्यूट लाकडी मंचावर पडल्याचा आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू येतो. अरेंजरने (रचना बँडसाठी लिहिणाऱ्याने) म्यूट बदलायला एकाच बारची सवड दिली असेल, तर आधीच्या वाक्यातला शेवटचा सूर कोणी सोडायचा हे लीडने तालमीतच ठरवावे. चौघांनी मिळून सोडला तर आवाजात भोक पडते, तिसऱ्या किंवा चौथ्या खुर्चीने सोडला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.