मातीतले जिवाणू तपासायला घेताना: नव्यांसाठी थोडं

कीड आणि सूत्रकृमींवर (दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमींवर) चालणारे जिवाणू शोधायला आलेली मुलं आधी डीएनए काढायच्या मागे लागतात. जिवाणू ओळखायला वापरतात त्या 16एस जनुकाचा क्रम हाती आला की काम फत्ते, असा समज असतो. बॅसिलस या जिवाणूंच्या गटात तो समज टिकत नाही. कीड मारणारा थुरिंजिएन्सिस, अन्नातून विषबाधा करणारा सेरियस आणि काळपुळीचा अँथ्रासिस या क्रमावरून जवळपास एकसारखेच दिसतात. मी तरी आधी सूक्ष्मदर्शकापाशी बसते.

सोडियम अ‍ॅसिटेट घातलेल्या माध्यमात थुरिंजिएन्सिसचे बरेचसे बीजाणू (जिवाणूची टणक, सुप्त रूपं) अंकुरत नाहीत, इतर बरेच अंकुरतात. मग 80 अंशांवर काही मिनिटं तापवलं की अंकुरलेले मरतात आणि निवड सोपी होते. प्लेट जुनी होऊ द्या. पेशी फुटून बीजाणू मोकळे झाले की स्लाइड करा. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू चकाकतात आणि शेजारी विषारी प्रथिनाचा गडद स्फटिक दिसतो. तो दोन्ही टोकांना निमुळता असेल तर पतंगवर्गीय अळ्यांवर आशा ठेवायला हरकत नाही, पण आशाच. निकाल बायोअ‍ॅसे, म्हणजे जिवंत अळ्यांवरची चाचणी, देतो.

आणि खरी मेहनत तिथेच आहे. अळ्यांच्या कृत्रिम खाद्यात बहुधा प्रतिजैविक घातलेलं असतं; जिवंत जिवाणू तपासताना ते आधी बघा. कंट्रोलमध्येही, म्हणजे जिवाणू न दिलेल्या गटातही, थोड्या अळ्या मरतातच; ते मरण हिशेबातून वजा करायला अ‍ॅबट यांचं 1925 चं सूत्र आजही वापरतात. पण कंट्रोलमध्येच ढीगभर मेल्या असतील तर सूत्र लावत बसू नका, प्रयोग पुन्हा करा.

सूत्रकृमींचं गणित वेगळं. प्रयोगशाळेत वापरला जाणारा सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा सूत्रकृमी जिवाणू खाऊनच जगतो, त्यामुळे विषारी प्रथिन त्याच्या पोटात सहज जातं. मुळांवर गाठी करणाऱ्या मेलॉयडोगायनी या सूत्रकृमीची मातीतली पिल्लं मात्र काहीच खात नाहीत. मुळात शिरल्यावर सुईसारख्या शुंडिकेतून पेशीरस ओढतात. एकावर चाललं म्हणून दुसऱ्यावर चालेल असं लिहून टाकू नका. जिवाणू वाढवून गाळून घेतलेल्या द्रावणात पिल्लं सरळ काठीसारखी पडली, तरी ती मेलीच असं नाही. स्वच्छ पाण्यात टाकून दुसऱ्या दिवशी सुईने डिवचा, बरीचशी वळवळतील. सोबत नुसत्या, जिवाणू न वाढवलेल्या माध्यमाचाही कंट्रोल हवाच, कारण कधी कधी माध्यमातले क्षारच मारक ठरतात. त्यानंतर कुंडीतली चाचणी. कुपीत नाव काढणारे कित्येक जण मातीत गप्प बसतात.

चांगला आयसोलेट (मातीतून वेगळा केलेला जिवाणू) मिळाला की त्याच दिवशी ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर ठेवा. विषाची जनुकं बहुतेकदा प्लाझ्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या तुकड्यावर) असतात, वारंवार सबकल्चर करत, म्हणजे नव्या माध्यमात पुन्हा पुन्हा वाढवत राहिलात तर ती गळून जाऊ शकतात.

जिवाणूच्या पेशी काढून टाकलेलं द्रावण ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत तापवून) माशीच्या अळ्यांवरही वापरून पाहा. तरीही अळ्या मरत असतील तर उष्णतेला दाद न देणाऱ्या बीटा-एक्झोटॉक्सिन या विषाचा संशय घ्यायचा. ते सस्तन प्राण्यांनाही विषारी आहे. संशय पक्का झाला तर असा आयसोलेट कितीही जोरदार असो, यादीतून बाद.