गाडीच्या एसीचा ब्लोअर (आत हवा फेकणारा मोटरचा पंखा) घरी साफ केला, त्याची टिपणे

हवा कमी आणि घरघर जास्त, म्हणून आधी केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी) पाहिला. तो बदलूनही फरक पडला नाही, तेव्हा ब्लोअर उतरवला. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे-खाली असतो.

इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, मग ब्लोअरचा कनेक्टर (वायरचा प्लग) आणि स्क्रू काढा. पंख्याच्या पात्यांमधली धूळ कोरड्या ब्रशने काढा. मोटरवर पाणी नको. पात्यांवर बॅलन्सची छोटी क्लिप असते, ती अजिबात हलवू नका. हलली तर थरथर कायमची मागे लागते. ब्लोअर काढल्यावर त्याच्या मोकळ्या खोबणीत अडकलेली झाडाची पानेही काढा.

ब्लोअर फक्त शेवटच्या, म्हणजे सर्वात जास्त स्पीडवरच चालत असेल, तर दोष सहसा मोटरचा नसतो. बहुधा रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा भाग) जळालेला असतो.